बुजऱ्या घोड्याच्या तोंडावरची जखम: न्यूमार्केटच्या यार्डातली रीत

न्यूमार्केट हे इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं घोड्यांचं गाव. ट्रेनिंगमधले सुमारे 3000 थरोब्रेड, म्हणजे रेसचे घोडे, इथे राहतात. सकाळी वॉरन हिलच्या चढावर त्यांच्या रांगा लागतात आणि रस्त्यावरच्या गाड्या त्यांना वाट देऊन थांबतात. महालक्ष्मी आणि पुणे रेसकोर्सवर काम केलेले बरेच रायडर आणि सायस (घोड्यांची देखभाल करणारे) गेल्या काही वर्षांत इथल्या यार्डांत, म्हणजे ट्रेनरच्या तबेल्यांत, लागले आहेत. इकडे येऊ पाहणारे व्हिसा, पगार आणि थंडीबद्दल विचारतात. पहिल्या महिन्यात खरी अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी येते. डोक्याला हात लावू न देणाऱ्या घोड्याच्या तोंडाला लागलं तर काय करायचं, यात तिकडची, म्हणजे भारतातली, आणि इकडची रीत फार वेगळी आहे.

तिकडे चार माणसं जमतात. एक मोहोरकी धरतो, एक कान पिरगाळतो, एक वरच्या ओठाला दोरीचा पीळ देतो आणि चौथा औषध फासून मोकळा होतो. पाच मिनिटांत काम होतं, हे खरं. पण तोंडावरच्या जखमेला निदान दहा-बारा दिवस हात लावावा लागतो. पहिल्या दिवशी वाचवलेली पाच मिनिटं दुसऱ्या दिवशी अर्धा तास खातात, आणि चौथ्या दिवशी घोडा बॉक्सच्या (त्याच्या खोलीच्या) दारातच कोणाला येऊ देत नाही. कान पिरगाळणं तर इथे कोणी खपवून घेत नाही. ओठाच्या पिळाने काही मिनिटं तरी नाडी उतरते. कानाच्या पिळाने ती चढते, आणि पुढे तो घोडा लगाम घालतानाही डोकं देत नाही. जखम नाकावर किंवा ओठावर असेल तर ओठाचा पीळही बाद.

लागतं कशाने, तर बहुतेक वेळा बॉक्समधल्याच वस्तूंनी. दाराची बाहेर आलेली कडी, गवताच्या जाळीचा हुक, वाहतुकीच्या गाडीतला उचकटलेला पत्रा. घोडा खाज आली म्हणून डोकं घासतो, काहीतरी अडकतं, तो झटक्यात मागे खेचतो आणि कातडी फाटते. पापणी फाटण्याचं ठरलेलं कारण म्हणजे पाण्याच्या बादलीची तारेची मूठ जिथे बादलीत अडकते ते वळलेलं टोक. शहाण्या यार्डात ही टोकं चिकटपट्टीने गुंडाळलेली असतात.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे बोटभर जखमेतूनही पाहणारा घाबरेल इतकं रक्त येतं, पण त्याच कारणाने जखम लवकर भरते. पायाच्या खालच्या भागात जखमेवर माजणारं मांस तोंडावर सहसा माजत नाही. पायाच्या जखमेला सहा-आठ तासांत टाके घातलेले बरे मानतात. तोंडाच्या स्वच्छ जखमेला दुसऱ्या दिवशीही घालता येतात. धीराने घ्यायला वेळ मिळतो तो यामुळेच.

तरी काही जखमांना हा वेळ नसतो, आणि तिथे विश्वास कमावत बसणं हा हलगर्जीपणा ठरतो. पापणी फाटली असेल तर त्याच दिवशी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हवा. लोंबणारा पापणीचा तुकडा कितीही सुकलेला दिसला तरी कापायचा नाही. तो परत शिवला जातो, आणि कापला तर डोळा जन्मभर उघडा राहून कोरडा पडतो. डोळा मिटलेला असेल, पाणी गळत असेल, तर बुबुळाला ओरखडा गेला आहे असं धरून चालावं. डोळ्याखाली आणि कपाळामागे हाडाच्या पातळ पापुद्र्याआड पोकळ्या असतात. जखमेशेजारची कातडी दाबल्यावर बोटाखाली कुरकुर लागली किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त आलं, तर हाड मोडून पोकळी उघडली आहे. ओठ एका बाजूला लोंबला तर गालावरच्या चेतातंतूला मार बसला आहे. खाताना जखमेतून पाण्यासारखा स्राव वाहिला तर लाळेची नळी तुटली आहे. अशा वेळी व्हेट शिरेतून गुंगीचं औषध देतो आणि चेतातंतूजवळ बधिरतेचं इंजेक्शन देऊन काम करतो. गुंगीतला घोडाही लाथ मारू शकतो, हे लक्षात असू द्यावं. त्याचं जड झालेलं डोकं टेकणावर ठेवायचं. खाली लोंबत राहिलं तर तोंड सुजतं. निदान आणि टाके हे काम 1966 च्या व्हेटरनरी सर्जन्स ॲक्टप्रमाणे व्हेटचंच आहे. तिकडे टाके घालण्यात हात बसलेल्यांनी इथे तो खिशात ठेवावा.

धनुर्वाताबद्दल कसूर चालत नाही, कारण घोड्याला तो फार लवकर होतो. इथे प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो आणि त्यात लसींच्या तारखा असतात. नोंद सापडत नसेल किंवा मुदत उलटून गेली असेल, तर जखम नखाएवढी असली तरी व्हेटला सांगायचं.

आता ज्या जखमेला वेळ आहे तिच्याकडे. गालावर किंवा नाकाच्या हाडावर तळहाताएवढी सोललेली जागा आहे, रक्त थांबलं आहे, आणि घोडा हात दिसताच डोकं छताला लावतो. सुरुवात दुखणं कमी करण्यापासून होते. दुखत असलेल्या घोड्याला शिकवायला जाणं अन्यायाचं आणि निरुपयोगी. दुखतंय हे चेहऱ्यावर वाचता येतं: कान ताठ मागे, डोळ्यावरची कातडी त्रिकोणी ताणलेली, डोळा अर्धवट मिटलेला, जबड्याचा स्नायू उठून आलेला, नाकपुड्या ताठ, हनुवटी आखडलेली. व्हेट बहुधा फेनिलब्युटाझोनची पुडी लिहून देतो, ती दाण्यात मिसळतात. पण ज्या घोड्याला ती दिली त्याचं मांस खाण्यासाठी जाऊ नये म्हणून पासपोर्टमध्ये तशी नोंद असावी लागते, आणि रेसच्या दिवशी औषधाचा अंश रक्तात सापडता कामा नये. त्यामुळे प्रत्येक मात्रा यार्डाच्या औषधवहीत चढते.

वेळ निवडावी दुपारची, पहाटेपासूनचे सगळे लॉट (व्यायामाला जाणाऱ्या घोड्यांच्या तुकड्या) संपून यार्ड शांत झाल्यावर. घोडा बांधायचा नाही. बांधलेला बुजरा घोडा मागे खेचतो, मोहोरकी जखमेवर घासते, आणि दुखण्याचा दोष तो तुमच्या हातावर ठेवतो. दोर सैल धरणारा आणि उपचार करणारा दोघंही घोड्याच्या एकाच बाजूला, खांद्यापाशी उभे राहतात. दाराकडची वाट आपल्या पाठीशी. दोर हाताला गुंडाळायचा नाही. डोक्यावर हेल्मेट, कारण घाबरलेल्या घोड्याचं डोकं बाजूला फिरतं तेव्हा ते हातोड्यासारखं लागतं.

घोड्याचे डोळे बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि नाकाखालचं दिसत नाही. समोरून तोंडाकडे नेलेला हात त्याच्या दृष्टीने मध्येच नाहीसा होतो आणि एकदम कातडीवर प्रकटतो. म्हणून हात नेहमी खांद्यावरून, मानेवरून सरकत यावा. आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यावर बोटांनी खाजवायला सुरुवात करावी. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्याने नाडी उतरते. एरवी विश्रांतीत मिनिटाला 28 ते 40 ठोके असतात. डाव्या जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवता येत नसेल तर स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे लावावा, तिथे घोड्याची हरकत नसते.

मानेवरून हात वर सरकवत नेला की एक जागा अशी येते जिथे कान फिरतो, श्वास अडतो, डोकं किंचित उचललं जातं. त्याच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं. मनात तीन मोजायचे, घोडा स्थिर असतानाच हात काढायचा, बाजूला वळायचं. सगळी मेख हात कधी काढता यात आहे. घोड्याने डोकं झटकलं आणि त्या क्षणी तुम्ही हात काढलात, तर झटकल्यावर हात जातो हा धडा त्याला मिळतो, आणि घोडा असे धडे एका वेळेत शिकतो. त्याने झटकलंच तर हात दाबायचा नाही आणि काढायचाही नाही. जिथे आहे तिथे हलका ठेवून डोक्याबरोबर जाऊ द्यायचा, आणि घोडा क्षणभर थांबला की काढायचा. हे जमत नसेल तर तुम्ही फार पुढे गेला आहात, खांद्यापाशी परत या.

एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं पुरतात. दिवसातून चार-पाच बैठका एका लांब बैठकीपेक्षा कितीतरी भारी पडतात. ओठ सैल होणं, पापण्यांची उघडझाप, लांब सुस्कारा, मान खाली येणं ही पुढे जायची परवानगी. घोड्यांची हाताळणी बहुतेक डाव्या बाजूने होते, आणि डावीकडे शिकलेलं उजवीकडे आपोआप जाईलच असं नाही. जखम उजव्या गालावर असेल तर आधी डाव्या, न दुखणाऱ्या गालाला हात जाऊ द्यावा आणि मग उजवीकडे सगळं पहिल्यापासून करावं.

खाऊ देणार असाल तर गाजर उभं, लांब चिरून. गोल चकत्या घशात अडकतात. चॉकलेट-बिस्किट अजिबात नाही. कोकोतला थिओब्रोमिन आणि चहा-कॉफीतला कॅफिन हे दोन्ही रेसिंगमध्ये निषिद्ध आहेत, आणि एका बिस्किटापायी चौकशी लागू शकते. आपल्या गुडघ्याला बाम चोळलेले हातही धुऊनच बॉक्समध्ये यावं. गावाहून आणलेल्या मलमाचं तेच: डबीवर सगळे घटक लिहिलेले नसतात, म्हणून ती खोलीवरच बरी.

हात गालावर टिकू लागला की सामान ओळखीचं करायचं. नायट्राइलच्या हातमोज्याचा चरचराट आणि वास, गॉजचं पाकीट फाडण्याचा आवाज, सिरिंजमधून पडणारी धार, हे सगळं आधी खांद्यावर, मग मानेवर, शेवटी गालावर. पाणी कोमट हवं. इंग्लंडातल्या जानेवारीत नळाच्या पाण्याने माणूसही उडेल. फवाऱ्याची औषधं तोंडाजवळ नकोतच. तो फुस्स आवाज सापाचा वाटावा इतका वाईट असतो, आणि औषध डोळ्यात जातं ते वेगळंच.

धुण्यासाठी उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट छोटा चमचा. माती किंवा पू असेल तर 2 टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लिटरला 25 मिली. पण ते डोळ्याच्या आसपास वापरायचं नाही, बुबुळाला इजा होते. तिथे 10 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन लिटरला 20 मिली; रंग पातळ कोऱ्या चहासारखा आला की प्रमाण बरोबर. बाटलीवर 'स्क्रब' लिहिलं असेल तर त्यात साबण आहे, ती डोळ्याजवळ नेऊ नये. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत घालायचं नाही. फेस पाहून समाधान होतं, पण नव्याने धरलेली कातडीही जळते. तळहाताएवढ्या जखमेला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. 50 मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, वरून खाली धार सोडावी. केस कापायचे तर जखमेत आधी पाण्यात विरघळणारी जेली भरावी, म्हणजे कापलेले केस तिला चिकटून धुतले जातात. मशीनच्या घरघरीपेक्षा बोथट टोकाची वाकडी कात्री बरी. पहिले दोन-तीन दिवस दोनदा, पुढे एकदा धुवावं. रोज घासून खपली काढत राहणारे उत्साही लोक जखम आठवडाभर लांबवतात. टाके घातले असतील तर तिथे पाणी नको. फक्त खाली ओघळलेलं पुसावं आणि ओघळाच्या वाटेवर पेट्रोलियम जेली लावावी, नाहीतर तिथले केस झडतात.

एवढं करूनही काही घोडे बधत नाहीत. त्यांच्यासाठी व्हेट जिभेखाली ठेवायची, गुंगी आणणारी डेटोमिडिन जेल देतो. ती गिळली तर काम करत नाही, आणि परिणामाला सुमारे 40 मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला हात घालणारे फसतात. आपल्या त्वचेतूनही ती शोषली जाते, म्हणून हातमोजे हवेत. तोंडात सिरिंज जाण्याची सवय आधी सफरचंदाच्या गराने लावून ठेवली तर ऐन वेळी झटापट होत नाही. रेस जवळ असेल तर देण्याआधी ट्रेनरला विचारावं.

आठव्या-नवव्या दिवसापासून खाज सुटते. घोडा तोंड दारावर, गुडघ्यावर, तुमच्या पाठीवर घासतो आणि टाके उसवतात. उन्हाळ्यात माशांची जाळीदार टोपी, दाराच्या कडेला पॅड, आणि जखमेभोवतीच्या चांगल्या कातडीवर आपणच बोटं फिरवून देणं, एवढ्यावर हे भागतं. टाके बहुधा 10 ते 14 दिवसांत निघतात.

तोवर मोहोरकीचा पट्टा जखमेवर येत असेल तर एक-दोन भोकं वर घ्यावा किंवा मेंढीच्या कातड्याची नळी चढवावी. चालवायला नेताना इथे चिफ्नी नावाचं गोल कडं तोंडात घालतात, त्याचा पट्टाही गालावरून जातो. तो कुठे टेकतो ते आधी पाहावं. रायडिंग थांबलं तरी वॉकर मशीनवर (घोड्याला गोल चालवणाऱ्या यंत्रावर) चालणं चालू ठेवता येतं. लगाम परत सुरू करताना पहिले काही दिवस डोक्यावरचा पट्टा कानांवरून ओढू नये. डावीकडचं गालपट्ट्याचं बकल सोडावं, पट्टा मोहोरकीसारखा कानांमागून न्यावा, बकल लावावं, आणि बिट (तोंडातली धातूची दांडी) शेवटी आत घ्यावं. नाकपट्टा व्हेटने हो म्हटल्यावर, दोन बोटं आत जातील इतका सैल.