श्रीखंडाच्या डब्यातील जोडी

तो डबा श्रीखंडाचा होता, अर्ध्या किलोचा, आणि त्याच्या झाकणाला तापवलेल्या सुईने बारा-पंधरा भोके पाडलेली होती. जूनमधील एका मंगळवारी संध्याकाळी, दादरच्या माझ्या दवाखान्याचे शटर अर्धे खाली ओढलेले असताना, एका हातात ओली छत्री आणि दुसऱ्या हातात हा डबा घेऊन एक सत्तरीचे गृहस्थ आत आले. त्यांच्यामागे नऊ वर्षांची नात होती. रविवारी तिचा वाढदिवस झाला होता आणि डब्यातील हॅमस्टरची जोडी ही आजोबांची भेट होती. दक्षिण मुंबईतील एका दुकानातून ती आणली होती. दुकानदाराने सांगितले होते की दोन्ही माद्या आहेत, एकाच आईच्या आहेत आणि हा प्राणी एकटा राहिला तर झुरून मरतो, त्यामुळे जोडीच घ्यावी.

या तिन्ही विधानांपैकी एकही खरे नव्हते, हे मला पुढच्या दहा मिनिटांत कळले.

डब्यात कापूस भरलेला होता. त्यातील लहान जीव पाठीला कुबड काढून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले, आणि शेपटीपासून पोटापर्यंतचे केस ओले व चिकट झालेले होते. वास झाकण उघडतानाच आला होता. हॅमस्टर पाळणारे याला ‘वेट टेल’ म्हणतात. आईपासून नुकत्याच तोडलेल्या, तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना होणारा हा आतड्याचा जिवाणूजन्य आजार आहे. गर्दी, प्रवास, अचानक बदललेले खाणे आणि अस्वच्छ पिंजरा यांच्या ताणाने तो उफाळतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत जीव घेतो. त्याची लक्षणे घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसली, म्हणजे आजाराची सुरुवात घरात नव्हे, दुकानात किंवा त्याही आधीच्या प्रवासात झाली होती. आजोबा मात्र पुन्हा पुन्हा विचारत होते की रविवारी दिलेल्या काकडीच्या चकतीने तर असे झाले नसेल ना.

वजनकाट्यावर तो चौतीस ग्रॅम भरला. मी त्याला उलटा धरून पाहिले. मलद्वार आणि जननेंद्रिय यांतील अंतर नरात जास्त आणि मादीत अगदी कमी असते, आणि चार-पाच आठवड्यांच्या पिलात ते सरावलेल्या डोळ्याला सहज दिसते. हा नर होता. दुसरी खरोखर मादी होती, पण तिचे वजन ऐंशी ग्रॅम होते. ती निदान दोन-तीन आठवड्यांनी मोठी असणार होती, त्यामुळे ही दोन्ही एका वेतातील भावंडे असण्याचा प्रश्नच नव्हता.

“काका, याला काही औषध दिलेत का?” असे मी विचारले, तेव्हा आजोबांनी खिशातून एक बाटली काढली. ओळखीच्या औषधवाल्याने लहान मुलांचे अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध दिले होते. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे हॅमस्टरला विषासारखी बाधतात, कारण ती आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून टाकतात आणि मग घातक जिवाणूंना रान मोकळे होते. सुदैवाने बाटलीचे सील अजून फोडलेले नव्हते. मी कातडीखाली कोमट सलाइन दिले, त्याला चालणारे प्रतिजैविक दिले, उबेची सोय केली, दोघांना वेगळे केले आणि आजोबांना खरे काय ते सांगितले. बुधवारी पहाटे पाच वाजता त्यांचा फोन आला. नात अजून उठली नव्हती आणि ती उठल्यावर काय सांगावे, हे त्यांना विचारायचे होते.

येथे थोडे विषयांतर करते. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आणि आमच्या वेळी हॅमस्टर हा प्राणी पुस्तकात भेटायचा तो प्रयोगशाळेतील प्राणी म्हणून. 1930 मध्ये इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पोजवळच्या एका शेतातून एक मादी आणि तिची पिले खणून काढली व जेरुसलेमला नेली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी सीरियन हॅमस्टर त्या एका बिळातील वंशज मानले जातात. त्या शेतातील जंगली हॅमस्टर प्रत्येकी स्वतंत्र बीळ करून एकट्यानेच राहतो, आणि पिंजऱ्यात आलेल्या त्याच्या वंशजांचा स्वभावही तोच राहिला आहे. आठ-दहा आठवड्यांच्या वयानंतर दोन सीरियन हॅमस्टर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात, प्रसंगी ठार मारतात. ‘जोडी’ हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो आणि दुकानदाराला त्यात दुप्पट विक्री दिसते, एवढेच त्या सल्ल्यामागचे शास्त्र आहे. रशियन ड्वार्फसारख्या छोट्या जाती कधीकधी जोडीने राहतात, पण त्यांच्यातही भांडणे होतात आणि नवख्या माणसाने तो प्रयोग करू नये, असे माझे मत आहे.

त्या मंगळवारीच मादीच्या पोटाचा घेर मला थोडा जास्त वाटला होता. मी आजोबांना तसे सांगून ठेवले आणि मोठा पिंजरा, कागदाच्या पट्ट्यांचे जाड अंथरूण व लपायला एक खोके एवढी तयारी करायला लावली. कापूस काढून टाकायला सांगितले. त्याचे धागे पायांना गुंडाळले जातात, आणि गालांतील पिशव्यांत भरून पोटात गेले तर आतडे तुंबते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी मादी व्याली. आठ पिले झाली, प्रत्येक जेमतेम दोन-तीन ग्रॅमचे, केस नाहीत, डोळे मिटलेले, उकडलेल्या शेंगदाण्याएवढे.

आजोबा रेल्वेच्या तिकीट खिडकीवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेब त्यांनीच आधी केला. सीरियन हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा असतो, एवढे मी त्यांना सांगितले होते. खरेदी रविवारची, प्रसूती अकराव्या दिवशी. “म्हणजे डॉक्टर, मी आणली त्याच्या आधीच्या मंगळवारीच ही गाभण राहिली. माझ्या डब्यात नव्हे, त्याच्या पिंजऱ्यात,” असे ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत त्यांच्या आवाजात प्रथमच राग ऐकू आला. काकडीचा अपराध त्या दिवशी त्यांच्या मनावरून उतरला.

रविवारी आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. खरे म्हणजे हे माझे काम नव्हते, पण मला ते पिंजरे पाहायचे होते. एका काचेच्या टाकीत तीसेक हॅमस्टर होते. खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यांत तो काळपट ओला झालेला, पाण्याची एकच बाटली. नर, मादी, मोठे, लहान सगळे एकत्र, आणि भर दुपारी बहुतेक सगळे एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपलेले. हा प्राणी निशाचर असल्याने दुपारी झोपलेला निरोगी हॅमस्टर आणि मलूल पडलेला आजारी हॅमस्टर गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. बघायचेच तर संध्याकाळी सातनंतर जावे, तो उठून इकडेतिकडे फिरू लागल्यावर त्याचे डोळे, नाक, चाल आणि विशेषतः शेपटीखालचा भाग पाहावा, आणि टाकीतील एक जरी ओला असला तरी बाकीच्यांपैकी कोणालाही घरी नेऊ नये.

मी दुकानदाराला विचारले की पिले कुठून येतात. “बाहेरगावाहून माल येतो, मॅडम,” तो म्हणाला. कोणाकडून, किती वयाची, आईबाप कोण, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. हे तो लपवत होता असेही मला वाटले नाही, कारण ते त्याला कधी कोणी विचारलेच नसावे. 2018 मध्ये केंद्र सरकारने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम केले आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे सक्तीचे केले. त्या नोंदणीचे प्रमाणपत्र मी मागितले, तेव्हा तो “शेठ आल्यावर दाखवतील” असे म्हणाला आणि आजोबांकडे वळून त्याने अगदी मनापासून देऊ केले, “आजोबा, तुमचा एक गेला ना? मग दुसरा घेऊन जा, पैसे नकोत.” त्याचा हात टाकीत गेलाही होता. आजोबा नको म्हणाले आणि बाहेर पदपथावर येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दुकानाविषयीची तक्रार मी नंतर लेखी पाठवली, तो भाग येथे सांगण्यासारखा नाही.

इकडे घरात नवीनच पेच उभा राहिला होता. मजल्यावरच्या मैत्रिणींना पिले दाखवावीत म्हणून नातीने तिसऱ्या दिवशी घरट्यावरचे खोके उचलले, आणि संध्याकाळपर्यंत आईने दोन पिले खाल्ली. सुरुवातीच्या दिवसांत घरट्याला धक्का लागला तर हॅमस्टरची आई असे करते. मी ते आधी सांगितले होते, पण नऊ वर्षांच्या मुलीला ते कोणत्या शब्दांत सांगायचे हे मला सुचले नव्हते, हा दोष माझा. उरलेली सहा मात्र वाढली. चौदाव्या-पंधराव्या दिवशी डोळे उघडले, एकविसाव्या दिवशी आईचे दूध सुटले, आणि त्याच आठवड्यात मी चार माद्या व दोन नर वेगवेगळे केले. तिथे आळस केला असता तर पाच-सहा आठवड्यांच्या वयात त्यांचीच पुढची वेते सुरू झाली असती. दोन खोल्यांच्या घरात आई धरून सात हॅमस्टर, आणि लवकरच प्रत्येकाला वेगळा पिंजरा. मी सांगते तो पिंजरा निदान तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद असतो. दुकानात चहाच्या ट्रेएवढे जे रंगीत पिंजरे मिळतात, त्यांत हा प्राणी रात्रभर गज कुरतडत बसतो.

अशा रीतीने, पिले कुठून घ्यावीत हे लोकांना सांगणारी मी, स्वतःच पिले देणाऱ्यांत जाऊन बसले. दवाखान्याच्या दारावर एक कागद लावला आणि फोन नंबर आजोबांचा दिला. पहिल्या आठवड्यातील फोन ऐकून ते चक्रावले. एकाला जोडीच हवी होती. एका बाईंना मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून सहाच्या सहा हवे होते, आणि पिंजरा कुठे ठेवणार असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की पिशवीत घालून देऊ, पुढचे ज्याचे तो बघेल. एका तरुणाला मे महिन्यात गावी जाताना तो परत आणून देता येईल का, हे आधीच ठरवून घ्यायचे होते.

आजोबांनी मग एक वही केली. तिकीट खिडकीवर चाळीस वर्षे बसलेला माणूस प्रश्न विचारण्यात संकोच करत नाही. पिंजरा आधी घेऊन त्याचा फोटो दाखवा, घरात मांजर आहे का, उन्हाळ्यात बंद गॅलरीत तर ठेवणार नाही ना, सुट्टीत कोण सांभाळेल, दोन-अडीच वर्षांत तो जाणार हे मुलाला सांगितले आहे का, आणि नको झाला तर रस्त्यावर न सोडता आम्हालाच परत आणून द्याल का. काहींनी रागावून फोन ठेवला. आजोबांच्या पत्नी म्हणायच्या, “अहो, मुलगी द्यायला बसलात की उंदीर?” त्यावर ते वहीत पुढची ओळ आखत राहायचे.

पहिले पिलू डोंबिवलीच्या एका बँक कर्मचारी मुलीने नेले. आजोबांच्या प्रश्नांआधी तिचेच प्रश्न सुरू झाले. जन्मतारीख कोणती, आईला कधी जुलाब झाले का, सध्या खायला काय देता, हाताळायची सवय आहे का. ती रात्री नऊला घरी पोहोचते, म्हणजे हॅमस्टर उठायच्या वेळेला, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांपेक्षा अशा माणसाकडे हा प्राणी अधिक सुखी राहतो, असे मला अनेकदा वाटले आहे. तिने जुन्या अंथरुणाची एक मूठ मागून घेतली, ओळखीच्या वासाने नव्या जागेत त्याला धीर येतो म्हणून. हे तिला ठाऊक असल्याचे पाहून आजोबांनी वही मिटली. गर्दीची गाडी टाळून, दुपारचे ऊन उतरल्यावर निघायचे आणि पहिले तीन-चार दिवस त्याला हात लावायचा नाही, एवढे मी सांगितले. बाकीची पाच जायला दोन महिने लागले. आई नातीकडेच राहिली.

ऑक्टोबरमध्ये डोंबिवलीहून रात्री साडेदहाला मला फोन आला. पिलाच्या दोन्ही कुशींवर, केसांखाली, एकेक काळा ठिपका दिसत होता, आणि तिचा आवाज घाबरलेला होता. “डॉक्टर, याच्या आईलाही असे आहे का?” मी आजोबांना फोन लावला. त्यांनी पिंजऱ्यापाशी जाऊन विजेरीच्या उजेडात पाहिले आणि आईच्याही दोन्ही बाजूंना फिकटसे तसेच ठिपके असल्याचे सांगितले. त्या सीरियन हॅमस्टरच्या गंधग्रंथी असतात, वयात आल्यावर त्या गडद होतात, नरात जास्तच, आणि कित्येक लोक गोचीड समजून त्या ओरबाडून काढायला जातात. मी तसे तिला कळवले. आजोबांनी तोवर वही काढली होती. दुसऱ्या दिवशी ती दाखवायलाच ते दवाखान्यात आले. पहिल्या पिलाच्या नावासमोर, तारीख घालून, त्यांनी लिहिले होते: ‘काळे ठिपके. आईवर गेला. ठीक.’