उजनी उतरताना: फेब्रुवारीअखेर ते पाडवा

यंदा एकच नवी गोष्ट केली. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी उजनी धरणाच्या काठी, डिकसळच्या बाजूला जिथे गळ टाकून बसलो, तिथे पाण्याच्या कडेला बाभळीची काठी रोवून आलो. होळीनंतर गेलो तर काठी भेगाळलेल्या गाळात उभी आणि पाणी तिच्यापासून ४२ पावलं मागे. पाडव्याला पावलं मोजलीच नाहीत, मधल्या पट्ट्यात कुणीतरी गाळपेराची कलिंगडं लावली होती.

मोबाईलमध्ये चंद्राच्या तिथ्या बघून गळ टाकणाऱ्यांना (मीही त्यातलाच होतो) सांगावंसं वाटतं की या दिवसांत आधी काठी बघा. धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. पातळी त्यातही उतरली की बातम्यांत 'उजनी उणे' असं येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. पाणी तेव्हाही होतं, मासाही होता, फक्त गेल्या वेळच्या जागेवर नव्हता.

पहिली फेरी सोपी गेली. सकाळी पाणी २३ अंश, पातळी जवळपास स्थिर. गुडघाभर पाण्यात चिलापीनं (तिलापिया माशानं) परातीएवढे खड्डे केलेले, प्रत्येकावर एकेक नर राखण करत. ८ नंबरचा गळ, वर कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून. अकरा वाजेपर्यंत १६. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि त्या काळात जवळपास खातच नाही, त्यामुळे गळाला लागले ते बहुतेक नरच. चार ठेवले, बाकी सोडले.

दुसऱ्या फेरीला ते खड्डे काठीच्या आसपास वाळलेले दिसले. कालव्याला आवर्तन सुटलं होतं, म्हणजे शेतीसाठी धरणातलं पाणी सोडलं होतं. मी पहाटे साडेपाचला बसलो आणि आठपर्यंत फ्लोट हललासुद्धा नाही. शेजारी जाळं सोडवत बसलेले मामा शेवटी म्हणाले, "साहेब, ऊन तर येऊ द्या की. ह्या पाण्याला पहाटेचा दम नसतो."

दम म्हणजे ऑक्सिजन. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथे येतं, त्यामुळे पाणी हिरवंगार. ते शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढतं, म्हणजे उजाडायच्या वेळी पाण्यात तो सगळ्यांत कमी. पहाटेचा मासा ही पवनेच्या स्वच्छ पाण्यावर शिकलेली सवय इथे घेऊन आलो होतो. साडेनवानंतर बुडालेल्या जुन्या रस्त्याच्या कडेला, दोन पुरुष खोलीवर पेंडीचा गोळा टाकला तेव्हा सव्वा किलोचा रोहू आला. पाणी उतरायला लागलं की मासा उथळ सोडून नदीच्या जुन्या पात्राकडे सरकतो आणि वाटेत असे रस्ते, बांध, विहिरी धरून थांबतो. मामांनी बुडालेली एक विहीरही दाखवली. ती कुठे आहे ते विचारू नका.

पाडव्याला दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. सगळी हिरवी साय माझ्या काठावर, दोरीला लगदा. वारा येतो त्या काठाला बसायला हवं होतं हे कळत होतं, पण तिकडे रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता आणि त्यांना उठवायची इच्छा होईना. चारच्या सुमारास रीळ एकदम किंचाळलं. जड, संथ ओढ. कटला असावा, दिसला नाही. बुडालेल्या बाभळीच्या खोडांत शिरला आणि ०.२५ मिमीची दोरी तुटून गेली.

आता ०.३५ भरलीय. काठी उपटून आणली, पुढच्या रविवारी नव्या कडेला रोवणार.