‘आवडतं’ आणि ‘आवडतो’ यांच्यामधली कादंबरी

पैठणच्या नाथांच्या भारुडात सोंगाखाली कोण आहे हे समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सोंग रंगतं. क्वीअर, म्हणजे समलिंगी वगैरे असलेल्या, सुपरहिरोची विनोदी किशोर कादंबरी याच जातीची आहे. मुखवट्यामागे कोण, आणि नायकाचा जीव खरा कुणावर जडलाय, हे वाचकाला आधीच कळतं. नायकालाच शेवटपर्यंत पत्ता नसतो. रहस्यकथा म्हणून हातात घेतली की ‘हे तर आधीच ओळखलं’ म्हणून माणूस नाराज होतो. ओळखायचंच असतं ते. हसू त्यानंतर सुरू होतं.

सुरुवात करायला टी. जे. क्लूनची ‘द एक्स्ट्राऑर्डिनरीज’ (२०२०) उत्तम. निक बेल हा एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही अशी अवस्था) असलेला शाळकरी मुलगा, शहरातल्या सुपरहिरोवर फिदा, त्याच्यावर फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्याने रचलेल्या गोष्टी, लिहितो. पुस्तक उघडतं तेच त्याच्या या लिखाणाने, भडक आणि उसासे टाकणारं. नवे वाचक इथेच फसतात. लेखकाचीच भाषा अशी असेल असं समजून पुस्तक मिटतात. तो निकचा हात आहे हे ध्यानात ठेवून तेवढी पानं नेटाने काढा, पुढे निकचं खरं बोलणं लागतं आणि गाडी सुसाट सुटते. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि जिवलग मित्र सेथच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. पहिल्या वेळी निसटलेले निम्मे विनोद तिथेच सापडतात.

सुपरहिरो आणि क्वीअर हे नातं कुणी ओढूनताणून जोडलेलं नाही. दोन नावं, दोन कपडे, घरच्यांपासून लपवलेली एक गोष्ट, हे या कथांमध्ये पहिल्यापासून होतंच. फक्त उघड म्हणता येत नव्हतं. अमेरिकी कॉमिक्सच्या १९५४ च्या आचारसंहितेने समलिंगी पात्रांना दार बंद केलं, ते १९८९ मध्ये किलकिलं झालं आणि १९९२ मध्ये मार्व्हल कॉमिक्सच्या नॉर्थस्टार या सुपरहिरोने ‘मी गे आहे’ असं सांगितलं. एवढं माहीत असलं की आजच्या कादंबरीतला खळखळता आनंद किती उशिराने आलाय ते जाणवतं.

खरी मजा मात्र मोठ्याने वाचण्यात आहे. लातूरला शिकवणीला आलेली चार पोरं एका खोलीत असली की पुरे. एका बैठकीला वीस मिनिटं, दोन आवाज, आणि इंग्रजीतून मराठीत जागच्या जागी सांगत जायचं. संवादात ‘तो म्हणाला, हा म्हणाला’ गाळून टाका, नाहीतर टोला लागायच्या आत विझतो. गोष्टीतल्या बापाच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. ‘काय करायलास एवढ्या रात्री?’ म्हटलं की तो बाप घरातला होतो.

अडतं ते क्रियापदावर. इंग्रजीत ‘मी’ बोलला तरी बाई की बाप्या ते कळत नाही. आपल्याकडे ‘गेलो-गेले’ लगेच चहाडी करतं. पात्राचं लिंग झाकायचं असेल तर कर्माचा आडोसा घ्यावा. ‘मी दार उघडलं, दिवा विझवला, त्याचा हात धरला’ यात बोलणारं कोण ते कळत नाही. ‘मी पळालो’ म्हणण्याऐवजी ‘मला पळावं लागलं’. मुखवटाधाऱ्याला ‘सावली’ म्हणा: ‘सावली गच्चीवर उतरली’ यातलं स्त्रीलिंग शब्दाचं, माणसाचं नाही.

सगळ्यात जपायचा प्रसंग म्हणजे पोराने मनातलं घरी सांगायचा. घाईत ‘एक जण आवडतो’ असं सांगून बसलात तर दोन पानांची घालमेल वाया जाते, आणि ‘एक मुलगी आवडते’ म्हणणं तर पुस्तकाशी सरळ खोटेपणा. मराठीचं नपुंसकलिंग इथे देवासारखं धावून येतं. ‘पप्पा, मला कुणीतरी आवडतं.’ इथे थांबा, एक श्वास जाऊ द्या, बापाला ताटातली भाकरी मोडू द्या. तो विचारेल, ‘कोण रे?’ मग पोराने खाली बघत तेच क्रियापद पुन्हा म्हणायचं, अनुस्वार काढून, काना-मात्रा लावून: ‘आवडतो.’