आळस नव्हे, अपुरी झोप

मी आठवी-नववीला शिकवते. पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकवणाऱ्या मुलांना ‘आळशी’ म्हटलेलं मला सहन होत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, कधीकधी दोन तासांपर्यंत उशिरा. दहाला अंथरुणावर पडलेलं मूल अकरापर्यंत टक्क जागं असतं, ते मुद्दाम नाही. शाळेची घंटा मात्र पहाटेच उठवते. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२. हा हिशेब जुळणार कसा? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. मला ते शंभर टक्के पटतं.

मोबाइल, क्लास, उपाशीपोटी येणं हेही आहेच. पण मुलींच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. पाळी सुरू झाल्यावर लोह कमी पडू शकतं, मग जिना चढतानाही धाप लागू शकते. पुरेशी झोप होऊनही थकवा आठवडेच्या आठवडे टिकला, तर डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं का ते विचारा. आणि मूल एकाएकी गप्प, उदास झालं असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.