चौकटीच्या वहीवरचे पाढे

आज दुपारी दोन्ही भाचरांनी आपण होऊन चौकटीची वही आणि लुडोचे फासे काढले आणि आयतांचा डाव मांडला. या सुट्टीत गुणाकाराच्या सरावासाठी जे खेळ मी त्यांच्यासाठी घरच्या घरी तयार केले, त्यांतला हा मला सर्वांत अधिक आवडतो, आणि तो का आवडतो हे आज नीट लिहून ठेवावेसे वाटते.

खेळ अगदी साधा आहे. दोन फासे टाकायचे. चार आणि सहा पडले, तर पानावर चार ओळी आणि सहा रकाने व्यापणारा आयत आखायचा, त्यात 24 लिहायचे आणि तो आपल्या रंगाने भरायचा. ज्याचा आयत उरलेल्या जागेत कोठेच बसत नाही त्याची पाळी जाते, आणि दोघांचीही पाळी लागोपाठ हुकली की आपापल्या चौकटींची बेरीज करून डाव संपवायचा. आज धाकट्याने विचारले, "आत्या, हा आडवा बसत नाही, उभा घेऊ का?" त्याने आयत उभा आखला, आणि सहा चोक काय याचा वेगळा विचार न करता त्यात पुन्हा 24 लिहिले. चार सक आणि सहा चोक एकच, हे त्याला शाळेतही सांगितलेले असणार. पण आज ते त्याने स्वतःच्या अडचणीतून मार्ग काढताना वापरले.

थोरली पाचवीत जाणार असल्यामुळे तिला साधे फासे पुरेनात, कारण त्यांवर सातचा किंवा आठचा गुणाकार कधीच पडत नाही. म्हणून एका जोडीच्या सहाही बाजूंवर कागदाचे तुकडे डकवून मी 4 ते 9 हे अंक लिहिले. सात आणि आठ पडल्यावर ती क्षणभर थांबली, मग आयताच्या सात ओळींपैकी पाच ओळींखाली तिने रेघ मारली, आणि 40 व 16 मिळून 56 असे मांडून दाखवले. गुणाकार असा तोडून जोडता येतो, हे ज्या मुलाला एकदा हाताने करता आले त्याला विसरलेला पाढा पुन्हा उभा करता येतो, आणि केवळ पाठांतरापेक्षा मला याचे मोल अधिक वाटते.

पाठांतराला मी मुळीच कमी लेखत नाही. आमच्या घरी दिवेलागणीला शुभंकरोती झाले की पाढे म्हटले जात, आणि आजोबांच्या पिढीला तर पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढेही तोंडपाठ असत. मात्र पाढा ओळीने पाठ असलेल्या मुलाला मधलेच सात आठे विचारले, की ते सात एके सातपासून चढत जाते. खेळात अंक क्रमाने येत नाहीत, म्हणून तेथे दुसऱ्या प्रकारची तयारी होते.

सापशिडीच्या पटावर घराघरात गुणाकार लिहून "उत्तर सांग, मगच पुढे जा" असा नियम करणारे खेळ मला पटत नाहीत. तेथे खेळ एकीकडे राहतो आणि गुणाकार वाटेवरच्या जकातीसारखा वसूल केला जातो. गुणाकार हीच चाल असावी, असा माझा आग्रह आहे. पत्त्यांत हे सहज साधते. राजा, राणी आणि गुलाम काढून टाकले की 40 पाने उरतात. प्रत्येकाने दोन पाने उलटायची, एक्का म्हणजे एक धरायचा, आणि ज्याचा गुणाकार मोठा त्याने चारही पाने घ्यायची. कोणी आधी ओरडायचे नाही आणि घड्याळ लावायचे नाही, त्यामुळे सावकाश विचार करणारा धाकटाही मागे पडत नाही. एकदा एकाकडे सात-आठ आणि दुसऱ्याकडे सहा-नऊ आले. दोन्हींची बेरीज 15, मग गुणाकारही सारखाच असेल असे दोघांनाही वाटले. प्रत्यक्षात 56 आणि 54 निघाल्यावर थोरलीने पाच-दहाचे 50 स्वतःहून करून पाहिले. बेरीज तीच असेल तर दोन अंक जितके जवळचे तितका गुणाकार मोठा, हे मी तिला सांगितले नाही, कारण ती त्याच्या अगदी जवळ पोहोचली आहे.

रात्री हिशेब करून पाहिला. एक ते दहापर्यंतच्या पाढ्यांत उलटसुलट जोड्या एकच धरल्या, तर एकूण 55 गुणाकार होतात. त्यांतून एक, दोन, पाच आणि दहाचे सोपे गुणाकार वगळले, की अवघे 21 उरतात. नऊचा पाढा दोघांनाही बोटांवर येतो, तो सोडला तर 15. मुलांना पाढ्यांचा जो डोंगर वाटतो तो खरे तर एवढाच आहे, आणि ही गोष्ट पालकांनी त्यांना लवकर दाखवायला हवी.

येत्या रविवारी शेजारची मुले आली की हाऊजी खेळायचा विचार आहे. मी "सहा साते" असे पुकारायचे आणि त्यांनी 42 खोडायचे. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवरचे आकडे स्वतःच निवडायचे, म्हणजे 12 आणि 24 हे अनेक जोड्यांतून येतात, 49 एकाच जोडीतून येतो आणि 13 कधीच येत नाही, हे त्यांना दोन-तीन डावांत आपोआप उमगेल. पंधरा अवघड जोड्यांच्या चिठ्ठ्या मी दोनदोन करून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या अधिक वेळा पुकारल्या जातील.