शिंजुकूत नुसतं ‘साउथ’ विचारू नका

टोकियोत रस्ता चुकला तर चूक बहुतेक वेळा सांगणाऱ्याची नसते, विचारणाऱ्याची असते. पुणेकराला हे पचायला जड. पाठीवर सॅक घेऊन शिंजुकू स्टेशनात पाऊण तास फिरलं की पचतं.

फुजी पर्वताजवळच्या कावागुचिकोच्या बस ‘बास्ता शिंजुकू’ या लांबच्या बसच्या टर्मिनलवरून सुटतात. तिथे पोहोचायला ‘बस टर्मिनल कुठे?’ असं विचारलं की माणसं हमखास पश्चिमेला पाठवतात. खोटं नाही सांगत. शहरातल्या बसचा मोठा थांबा तिकडेच आहे. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये बास्ता सुरू होईपर्यंत कावागुचिकोच्या बसही तिकडूनच सुटायच्या, त्यामुळे जुन्या माहितीच्या भरवशावर गेलात तरी पश्चिमच. चूक कळेपर्यंत बस गेलेली असते. जागा आरक्षित असल्या तरी बस कुणासाठी थांबत नाही.

मग ‘साउथ’ विचारावं? त्यातही गोची आहे. मिनामी म्हणजे दक्षिण, गुची म्हणजे तोंड. पण तिथे मिनामी-गुची आहे, आग्नेयेची तोनान-गुची आहे आणि शिन-मिनामी, म्हणजे ‘नवी दक्षिण’, वेगळीच. आपल्याला हवी ती शिन-मिनामी. मिनामीतून बाहेर पडलात तर मध्ये कोशू-काइदो हा रुंद रस्ता आणि टर्मिनल पलीकडे. पोहोचल्यावर थेट चौथ्या मजल्यावर जा. तिसऱ्यावर येणाऱ्या बस आणि टॅक्सी असतात. तिथे रांग लावून उपयोग नाही.

स्टेशनाला बाहेर पडायच्या २००हून जास्त वाटा आहेत, म्हणून गेटमधून बाहेर पडायच्या आधी विचारा. गेटच्या कडेला माणूस बसलेली खिडकी असते, तिथेच. कागदी तिकीट मशीनने गिळलं की परत आत यायला नवं तिकीट. जमिनीखाली फोनवरचा निळा ठिपका भलतीकडे भटकतो, त्याच्या नादी लागू नका.

विचारायचं कसं? ‘सुमिमासेन, बास्ता शिंजुकू वा दोको देसु का?’ शेवटचा ‘का’ आपल्या ‘का’सारखाच, त्यामुळे मराठी जिभेला सोपं. उत्तरातले तीन शब्द पकडा: मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे, मास्सुगु सरळ. ठिकाणाचं नाव जपानी लिपीत कागदावर लिहून न्या. आपला उच्चार फसतो, कागद फसत नाही.

‘हाच रस्ता ना?’ असं मात्र कधीही विचारू नका. समोरचा ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणतो आणि आपण खूश होऊन चालू लागतो. त्याचा अर्थ बरेचदा फोनवरच्या आपल्या ‘हं, हं’ इतकाच असतो: ऐकतोय. आणि कुणी श्वास आत ओढत ‘चोत्तो...’ म्हणून थांबला, तर त्याला माहीत नाही असं समजा. आभार मानून सुटा. नाहीतर तो बिचारा सौजन्यापोटी तुमच्यासोबत हरवेल.

वस्तीतला पत्ता शोधायचा तर रस्त्याचं नाव विचारण्यात अर्थ नाही; बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. टोकियोच्या सरकारी मुख्यालयाचा पत्ता निशी-शिंजुकू २-८-१ आहे. २ हा चोमे म्हणजे विभाग, ८ हा त्यातला चौकोनी ठोकळा, म्हणजे रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा गट, १ ही इमारत. आपल्या पेठांतले जुने घर क्रमांक रस्त्याच्या ओळीने लागत नाहीत, तसंच काहीसं. आधी खांबावरच्या पाट्या बघून ठोकळा गाठा, मग त्याला फेरी मारा.

अडलात तर कोबान गाठा. ही पोलिसांची छोटी चौकी. लाल दिवा लावलेला असतो, आत वस्तीचा मोठा नकाशा. रस्ता सांगणं हे त्यांचं रोजचंच काम, संकोच नको. चौकीत कुणी नसेल तर टेबलावर फोन असतो. किराणा दुकानातल्या पोरांना विचारू नका, मागे रांग लागते.

कावागुचिको छान आहे, फुजी दिसला. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

टोकियोतल्याच इकेबुकुरो स्टेशनला उतरणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: तिथे सेइबु आणि तोबु ही दोन मोठी दुकानं आहेत. सेइबुच्या नावात पश्चिम आहे, पण ते पूर्वेच्या तोंडाशी, तोबुच्या नावात पूर्व, ते पश्चिमेला. तिथे दिशा विचारूच नका, दुकानाचं नाव सांगा.