बाण घ्यायला साताऱ्याला जाताय? आधी सराफ गाठा

2023 ला बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीची (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) जागतिक विजेती ठरलेली अदिती स्वामी साताऱ्याची. त्यामुळे "तिकडं माल चांगला मिळतो" असं आमच्या मिरजेत कुणीही छातीठोक सांगतं. रेल्वेनं जाऊ नका. सातारा स्टेशन माहुलीला आहे, गावापासून लांब, आणि हातात धनुष्याची लांबडी पेटी दिसली की रिक्षावाला मीटर विसरतो. एसटी बरी.

दुकानदारानं डझनभर बाण पुढ्यात टाकले. "पाचशे ग्रेन. शिकारीचा बाण हाय, वाऱ्यात हलायचा नाही." ग्रेन म्हणजे बाणाच्या वजनाचं माप. भाव साध्या बाणाच्या दीडपट. वजन जास्त म्हणून भाव जास्त, जणू वांगी विकतोय.

दुसऱ्या दिवशी ठोसेघरच्या वर, पाहुण्यांच्या पडीक रानात, मागं उंच बांध बघून मारायला उभा राहिलो. पवनचक्क्या ज्या पठारावर उभ्या केल्यात तिथला वारा कसा असेल ते सांगायला नको. धनुष्य 50 पौंडाचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, आणि साइट, म्हणजे नेम धरायची खूण, माझ्या नेहमीच्या 350 ग्रेनच्या बाणावर लावलेली. जड बाण 30 मीटरवर वीतभर खाली. 50 मीटरवर तर लक्ष्याच्या कागदाच्याही खाली, थेट मातीत. आणि वाऱ्यात हलायचा तो हललाच: शाफ्ट (बाणाची काडी) जाड, पिसं मोठी, वारा धरणारच. वाऱ्यासाठी बारीक शाफ्ट आणि छोटी पिसं बघा, नुसतं वजन नको.

दुकानदाराचं अर्धं खरं होतं. अमेरिकेत हरणामागं जाणारे 400 ते 500 ग्रेनचा बाण वापरतात, कारण जड बाण आत जास्त शिरतो आणि धनुष्याचा आवाज कमी होतो. त्यांचं अंतरही बहुतेक वेळा 20-30 मीटरच्या आतलं. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा हा बाण इथं कुणासाठी विकतात? शिकारीचं पात्याचं टोक दाखवलं तर सरळ बाहेर पडा.

खरी गंमत साताऱ्यात परतल्यावर. एका सराफाला विनंती करून बाण काट्यावर ठेवले. त्यानं प्रत्येक टोकाला बोट लावून बघितलं, मग काच खाली केली. 500 ग्रेन म्हणजे 32.4 ग्रॅम. एक बाण भरला 31.6, शेजारचा 33.1. दीड ग्रॅम म्हणजे 23 ग्रेनचा फरक, एकाच डझनात! असल्या बाणांनी गट पडत नाही, म्हणजे बाण एका जागी जवळजवळ लागत नाहीत, नेम कितीही असू दे.

तर हिशोब असा धरा. पौंडामागं 5 ग्रेनच्या खाली कधीच जायचं नाही, धनुष्याला दणका बसतो. 50 पौंडाला 250 ही तळाची मर्यादा. लक्ष्यावर मारायला 300 ते 370 भरपूर झाले. जड पॉइंट (बाणाचं टोक) लावायचाच असेल तर शाफ्टही ताठ घ्या, कारण पुढचं वजन वाढलं की शाफ्ट सुटताना जास्त वाकतो. दुकानात स्पाइनचा, म्हणजे शाफ्टच्या ताठपणाचा, आकडा विचारा. उत्तराऐवजी "चालतंय की" आलं तर पाकीट काढू नका.

सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा त्या पठाराच्या वाटेतच आहेत, बघून घ्या. बाण परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "वापरलेला माल घेत नाय." शेवटी निम्म्या भावात घेतो म्हणाला. मी दिले नाहीत.